अर्ध्या कोयत्याचा मास्तर

ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन जीव. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या आणि दोघांनी मिळून त्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या. बहुतेक कोयते नवरा-बायकोचेच असतात. पूर्णेजवळच्या चुडाव्याचे किशनराव आणि नर्मदाबाई हा त्यातलाच एक. दिवाळी झाली की घराला कुलूप लावून निघायचे ते उन्हाळा तापल्यावरच परतायचे.

गेल्या हंगामात मात्र किशनराव मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना घसरले आणि उजवा गुडघा सुजला तो सुजलाच. झाडपाला बांधून झाला, पूर्णेच्या डॉक्टरची सुई झाली. आता ते भिंतीला धरून चालत होते. कोयता अर्धा झाला. उरलेला अर्धा कोण, या प्रश्नाला घरात एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर त्या वेळी पूर्णेच्या बाजारात, एका किराणा दुकानाच्या माडीवर, कॉम्प्युटरचं झाकण उघडून बसलं होतं.

त्याचं नाव भुजंग.

मायबाप उसाच्या फडावर गेले की भुजंग गावातच मावशीकडे राहायचा. मावशी बायनाबाई, नर्मदाबाईची धाकटी बहीण, लवकर विधवा झालेली. तोंडानं फटकळ, हातानं मायाळू. तिच्या घरातला ट्रान्झिस्टर भुजंगनं सहावीत असताना उघडला होता. "उघडलास तर उघडलास, आता बातम्या तूच सांगत बस," असं म्हणून मावशीनं त्याला जेवायला वाढलं होतं. पोरानं तो ट्रान्झिस्टर नीट करून दाखवला आणि मग गावातले बिघडलेले रेडिओ, टेप, बॅटऱ्या सगळे मावशीच्या ओसरीवर यायला लागले. पुढं परभणीच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स झाला, मग तिथल्याच एका क्लासात कॉम्प्युटरचा. ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा परीक्षा पुढं ढकललेली. कोर्स लांबत गेला, पण झाला एकदाचा.

आणि नोकरीही लागली, म्हणजे लागल्यासारखी. माणिकराव रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. पूर्णा जंक्शनात रेल्वेवाल्यांची घरं भरपूर, घरोघरी पोरं. "आपल्या पोरांनी काय जन्मभर झेंडीच दाखवायची का?" असं ते सगळ्यांना विचारायचे. त्यांनी हैदराबादहून एक जुना कॉम्प्युटर आणला, माडी भाड्यानं घेतली आणि भुजंगला बोलावून सरळ सांगितलं,

"बघा मास्तर, दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन. त्या दिवशी मशीन चालू दिसली तर क्लास तुमचा. न्हाई तर मी मशीन वापस धाडतो अन् इथं झेरॉक्स टाकतो. मंग तुमचं आमचं रामराम."

चुडाव्याला मुकादम रंगनाथ येऊन सांगून गेला होता, की ट्रक भाऊबीजेला सकाळी निघणार. पोरगा नोकरीवर ठरला तर ठीक, नाहीतर त्यानं मायच्या जोडीला चढायचं. पाडवा आणि भाऊबीज यांच्यामध्ये एकच रात्र होती.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची हार्ड डिस्क कोरी होती. विकणाऱ्यानं आपलं सगळं पुसून मशीन दिली होती. कॉम्प्युटरला जागं करणारी जी डॉस नावाची प्रणाली असते, ती त्यानं दोन फ्लॉप्यांवर वेगळी दिली होती. ती हार्ड डिस्कवर चढवली की काम झालं. फ्लॉपी म्हणजे पापडासारखी पातळ, काळी, चौकोनी वस्तू. मध्ये गोल भोक आणि एका बाजूला बोटभर लांब खिडकी. त्या खिडकीतून आतली तपकिरी चकती दिसायची. खिडकीला हात लावायचा नाही, हे कोर्सात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दसऱ्याच्या आधी भुजंगनं पहिली फ्लॉपी घालून बघितली. ड्राइव्हचा लाल दिवा लागला, टक-टक झालं आणि काळ्या पडद्यावर हिरवं ए उमटलं, म्हणजे मशीन फ्लॉपीवरून जागी झाली. त्याला इतका आनंद झाला की त्यानं खाली जाऊन किराणावाल्यालाही वर बोलावून ते ए दाखवलं. किराणावाला म्हणाला, "बी कधी येणार?"

हार्ड डिस्कवर डॉस चढवायचं तेवढं राहिलं, कारण माणिकरावांनी मध्येच माडीला चुना मारायला काढला. चुन्याची धूळ फ्लॉपीला वाईट. भुजंगनं मशीनवर जुनं धोतर पांघरलं, दोन्ही फ्लॉप्या कागदी पाकिटात घातल्या आणि दसऱ्याला घरी नेल्या.

दसऱ्याला नर्मदाबाईनं पाट मांडला. पाटावर घासून पुसून लखलखीत केलेले कोयते, शेजारी कानस. यंदा एका कोयत्याला नवा दांडा बसवलेला होता. दांडा भुजंगच्या मापाचा होता, लांब.

"तुजं हत्यार कोणतं? ते ठिव हितं," नर्मदाबाई म्हणाली.

"माझं हत्यार पूर्णेला हाय माय. हितं निस्ती फ्लॉपी हाय."

"तिच्याबिगर तुजं मशीन चालतंय का?"

"न्हाई चालत."

"मंग हत्यार तेच झालं की."

त्यानं पहिली फ्लॉपी पाकिटासकट पाटाच्या कडेला ठेवली आणि तो आपट्याची पानं आणायला गेला. परत आला तेव्हा पूजा झाली होती. कोयत्यांवर हळदी-कुंकू, झेंडूची फुलं. फ्लॉपीच्या पाकिटावरही एक फूल होतं. त्यानं ते अलगद उचलून कोयत्यावर ठेवलं, पाकीट फुंकलं आणि पिशवीत टाकलं.

चुना वाळल्यावर त्यानं माडी उघडली, धोतर काढलं, फ्लॉपी घातली. दिवा लागला. पण टक-टक झालं नाही. किर्र, किर्र, किर्र असा आवाज आला आणि पडद्यावर उमटलं ते नॉट रेडी. खाली तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, फेल. सोडून देता, पुन्हा करता, की हरलो म्हणता? भुजंगनं रिट्राय दाबलं. पुन्हा किर्र. पुन्हा तेच तीन शब्द.

त्यानं फ्लॉपी काढून खिडकीतून निरखून बघितली. स्वच्छ, तपकिरी, गुळगुळीत. मग दुसरी फ्लॉपी घातली. तिच्यात डॉसचा दुसरा भाग होता, तिच्यावरून मशीन जागी होत नाही, पण ड्राइव्हला वाचता येतं की नाही एवढं तरी कळलं असतं. तिलाही किर्र झालं.

त्यानं झाकण उघडलं. ड्राइव्हची चपटी केबल काढून पुन्हा बसवली. मेमरीच्या चिपा अंगठ्यानं दाबल्या. मीटर लावून वीज मोजली, ती पूर्णेच्या मानानं बरी होती. चुन्याचा कण कुठं गेला असेल म्हणून सायकलच्या पंपानं सगळीकडं हवा मारली. प्रत्येक वेळी झाकण लावायचं, चालू करायचं आणि तीन शब्द वाचायचे. बिघाड कुठं आहे हे त्याला कळेना, आणि कुठं नाही हेही कळेना.

"काय म्हणतंय?" माणिकराव रोज जिन्यातून विचारायचे.

"बघायलोय साहेब."

"बघा, बघा. आमच्या गाडीला सिग्नल मिळाला न्हाई की मी बी असाच बघत बसायचो."

कोर्सात एक गोष्ट पक्की शिकवली होती. दोन वस्तूंवर संशय असला की एक बदलून बघावी. भुजंग पहिली फ्लॉपी घेऊन परभणीला गेला. ज्या क्लासात तो शिकला, तिथं आता त्याचा सोबती व्यंकटी शिकवायचा. दोघं आयटीआयपासूनचे दोस्त, एका डब्यात जेवलेले. व्यंकटीनं कोपऱ्यातल्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली. किर्र.

"तुझी फ्लॉपी मेली भुजंग्या," व्यंकटी म्हणाला आणि त्यानं दुसऱ्या मशीनवर डॉसची नवीकोरी नक्कल करून दिली. "घे. चहा तुझ्याकडं."

भुजंगला हलकं वाटलं. बिघाड फ्लॉपीत होता, मशीन धड आहे. तो पिंगळी, मिरखेल ही स्टेशनं मोजत पूर्णेला आला, पळत माडी चढला, नवी फ्लॉपी घातली. हिरवं ए आलं! त्यानं पुढचा हुकूम टाइप केला. किर्र. सेक्टर नॉट फाउंड. पुन्हा चालू केलं तर ए सुद्धा येईना.

आता मात्र त्याचं डोकं चालेना. फ्लॉपी मेली असेल तर ही नवी का मरावी? ड्राइव्ह मेला असेल तर पहिली फ्लॉपी परभणीच्या धडधाकट मशीनमध्ये का चालली नाही? दोन्ही एकदम मेले असतील, तर मारलं कुणी?

तो पुन्हा परभणीला गेला, तर व्यंकटीनं त्याला दारातच थोपवलं.

"तितंच थांब. पिशवी बाहेर ठिव."

"कामून रे?"

"कामून काय? तू गेलास अन् कोपऱ्यातली मशीन आजारी पडली. कोणतीच फ्लॉपी वाचंना गेलीय. माझ्या धड्याच्या फ्लॉप्या घातल्या, त्या बी गेल्या. सर माझ्यावर पेटलेत. व्हायरस आणलास तू, व्हायरस!"

व्हायरस हा शब्द तेव्हा नवा होता. कॉम्प्युटरला रोग होतो, तो फ्लॉपीतून एका मशीनचा दुसरीला लागतो, एवढं दोघांनी मासिकात वाचलं होतं. बघितला कुणीच नव्हता. भुजंगला वाटलं, हो, असंच असणार. रोगाशिवाय दुसरं काय असं पसरतं? परतीच्या गाडीत तो पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवून बसला. मग आपलं आपल्यालाच हसू आलं. मग ते हसूही गेलं.

त्यानं माणिकरावांना खरं ते सांगितलं. माणिकराव गंभीर झाले.

"माणसाला लागतो का?"

"न्हाई साहेब. मशीनचा मशीनलाच."

"खात्री हाय? रेल्वेवाल्यांची पोरं येणार, त्यांच्या आया पहिलं हेच विचारतेत."

"माणसाला न्हाई लागत."

"तरी बी," माणिकराव म्हणाले आणि बाजारातून फिनाइलची बाटली घेऊन आले. गाडीत पेशंट बसून गेला की डबा फिनाइलनं धुवायचा, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. माडी धुतली, जिना धुतला, टेबलाचे पाय धुतले. मशीनवर शिंपडायला निघाले तेव्हा भुजंग आडवा आला म्हणून मशीन वाचली. त्या वासात बसून तो कोर्सातल्या आपल्या जुन्या फ्लॉप्या एकामागून एक घालत होता आणि प्रत्येक फ्लॉपी किर्र करून मरत होती. पुढंपुढं तर त्याला भीती वाटायला लागली, की आपण रोगी शोधतोय की रोग वाढवतोय?

दिवाळी आली. घरी नर्मदाबाईनं दोन वळकट्या बांधायला घेतल्या होत्या. एकदा भाकरी वाढताना तिनं पोराचा तळहात हातात घेऊन बघितला आणि सोडून दिला. त्या हाताला सोल्डरचे डाग होते, घट्टे नव्हते.

"म्या जाते अक्कासंगं," बायनाबाई म्हणाली. "दोघी बहिणींचा कोयता."

"बाई-बाईचा कोयता कुठं असतोय का बायनाबाई? फळीवरनं मोळी कोण चढवल?" किशनराव भिंतीजवळून म्हणाले. "रंगनाथ घ्यायचा न्हाई."

"तुमी चढवली न् गुडगा मोडून घेतला. आमी निदान हळू चढवू."

किशनराव हसले, मग भुजंगकडं बघून गुडघा चोळायला लागले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी रंगनाथ स्वतः आला. मुकादम म्हणून तो वाईट नव्हता, पण त्याला कोयते भरायचे होते. हातात टेपरेकॉर्डर होता, गाणं सुरू होतं, आणि ते गाणं पाण्यात बुडून म्हटल्यासारखं येत होतं.

"काय ठरलं भुजंग? येतोस का न्हाई? मला दुसरं माणूस बघावं लागंल."

"उद्या सांगतो मुकादम."

"उद्या तर उद्या. पर ह्याच्याकडं बघ जरा. फडावर हीच करमणूक, अन् हेच घोगरं बोलायलंय."

भुजंगचं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हात ठिकाणावर होते. त्यानं खराट्याची काडी घेतली, तिला कापूस गुंडाळला, ओसरीवरच्या जुन्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये बुडवला आणि टेपमधल्या, फीत वाचणाऱ्या हेडवरून फिरवला. कापूस तपकिरी निघाला. पुन्हा फिरवला. कॅसेट घातली. गाणं धुतल्यासारखं स्वच्छ आलं.

"वा रे बहाद्दर!" रंगनाथ म्हणाला. "तू फडावर लय कामाचा हायस. कोयत्याचं काय, ते येतंय हळूहळू."

भुजंगनं ते ऐकलंच नाही. तो हातातल्या कापसाकडं बघत होता. घाण हेड. फ्लॉपीच्या ड्राइव्हलाही हेड असतं. आणि ते किर्र... व्हायरस कशाला किर्र करेल? व्हायरस म्हणजे काही अक्षरं, आकडे. त्याला आवाज नसतो. आवाज घासण्याचा असतो, जात्यात खडा आल्यावर येतो तसा. एवढे दिवस तो पडद्यावरचे तीन शब्द वाचत बसला होता आणि कानांनी ऐकलेलं मात्र मनावर घेतलंच नव्हतं.

"माय, स्पिरिटची बाटली नेतो," असं म्हणून तो निघाला तो चुडाव्याच्या स्टेशनावर धावतच गेला. मागं रंगनाथ विचारत राहिला, "याला काय झालं?" बायनाबाई म्हणाली, "लहानपणापासनं असाच हाय."

माडीवर त्यानं ड्राइव्ह पेटीतून बाहेर काढला. वरचा पत्रा सोडवला, हेड उचललं, खाली काडी सरकवली. कापूस बाहेर आला आणि भुजंग बघतच राहिला. कापूस लाल होता.

गंज? गंज असा लालभडक नसतो. गेरू? माडीला चुना मारला होता, गेरू नाही. माणिकराव पान खायचे, पण मशीनजवळ कधी नाही. त्याचं स्वतःचं बोट कापलं होतं का? त्यानं दहाही बोटं बघितली. कापूस नाकाशी नेला. स्पिरिटच्या वासातून काही कळेना.

मग त्यानं पहिली फ्लॉपी घेतली. खिडकीतून बघितलं. स्वच्छ, पहिल्यासारखीच. तो ती ठेवून देणार होता, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की खिडकीतून चकतीचा एक तुकडाच दिसतो. बाकीची चकती काळ्या कव्हराच्या आत असते. त्यानं मधल्या भोकात दोन बोटं घालून चकती हळूहळू फिरवली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. मग एक लाल डाग खिडकीत आला आणि थांबला. लाल डाग, त्याच्या कडेला पिवळी कड, आणि डागापासून निघालेली घासल्याची गोल रेघ.

डाग बरोबर बोटाएवढा होता. अनामिकेएवढा.

भुजंग खुर्चीवर बसला. खालून किराणावाल्याच्या तराजूचा आवाज येत होता. हळद आधी, कुंकू वर. त्याच्या मायचा हात. कुंकवानं हेड माखलं, माखलेल्या हेडनं पुढची प्रत्येक फ्लॉपी खरवडली, आणि हीच फ्लॉपी परभणीला जाऊन तिथल्या हेडलाही कुंकू लावून आली. रोग नव्हता. पूजेचा प्रसाद होता, आणि तो भुजंगनं स्वतःच्या हातानं दोन गावांत वाटला होता. हसावं की रडावं हे त्याला कळेना. शेवटी दोन्ही न करता त्यानं हेड पुन्हा पुसलं, कापूस पांढरा निघेपर्यंत.

ड्राइव्ह साफ झाला, पण आता धड फ्लॉपी एकही उरली नव्हती. ती परभणीलाच मिळणार. स्टँडवर गेला तर नामांतराच्या बंदमुळं एस्ट्या जागच्या जागी उभ्या. तो रुळांकडं वळला. पॅसेंजर आली ती उशिरा, पण आली.

"तितंच थांब," व्यंकटी पुन्हा दारातून ओरडला.

"थांबत न्हाई. कोपऱ्यातली मशीन उघड."

तिथल्या कापसावरही लाल आलं. व्यंकटीनं तो कापूस उजेडात धरून उलटसुलट बघितला.

"हे काय रे?"

"कुंकू."

"कुणी लावलं?"

भुजंग पुन्हा हेड पुसायला लागला. व्यंकटीची माय झरी गावात असायची. तिच्याही घरी दसऱ्याला पाट मांडत असत. व्यंकटी एकदम हसत सुटला.

"सरांना काय सांगू रे आता? व्हायरस सवाष्ण हाय म्हणू?"

"काही बी सांग. कॉपी दे आधी."

कोपऱ्यातल्या मशीननं दोन नव्या फ्लॉप्या निमूटपणे लिहून दिल्या. व्यंकटीनं त्या पाकिटात घालून दोऱ्यानं बांधल्या, वर गाठ मारली. "घरी नेऊ नकोस," तो म्हणाला.

पूर्णेला परतल्यावर भुजंगनं खुर्चीवर न बसता उभ्या उभ्याच मशीन चालू केली. टक-टक. हिरवं ए. त्यानं हार्ड डिस्कचे भाग पाडले, मशीन पुन्हा चालू केली, फॉरमॅटचा हुकूम दिला आणि आकडा चढताना बघत राहिला. मध्ये वीज जाईल, या धास्तीनं त्यानं बल्बकडं दोनदा हात जोडले. वीज गेली नाही. शेवटी त्यानं फ्लॉपी बाहेर काढून मशीन चालू केली. ड्राइव्ह गप्प बसला, पेटीच्या पोटातून बारीक आवाज आला आणि पडद्यावर ए नव्हे, हार्ड डिस्कचं हिरवं सी आलं. मशीन आता स्वतःच्या पायावर उभी होती.

पाडव्याला माडी भरली. रेल्वेवाले, त्यांची पोरं, पोरांच्या आया. माणिकरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दर दोन वाक्यांनी ते सांगत होते, "रोग झाला होता. मी फिनाइल मारलं, खलास." आणि मग जिन्यातून त्यांच्या कारभारीण कमलबाई वर आल्या. हातात ताट. ताटात निरांजन, पेढे, हळदी-कुंकू.

कमलबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि त्या सरळ ड्राइव्हच्या फटीकडं वळल्या, कारण मशीनचा लाल दिवा तिथंच होता. भुजंगनं पुढं होऊन फटीवर तळहात ठेवला.

"हात काढा की मास्तर."

"काकू, इथं नको. हे त्याचं तोंड हाय."

"मंग पेढा भरवू का?"

सगळे हसले. भुजंगही हसला, पण हात काढला नाही. "कुंकू कपाळाला लावत्यात ना काकू? कपाळ वर हाय." त्यानं मॉनिटरच्या वरची कड दाखवली. कमलबाईंना ते पटलं. त्यांनी वर ऐटीत दोन बोटं ओढली, अक्षता मात्र सगळीकडं उधळल्या. भुजंगनं दुसऱ्या हातानं धोतर ओढून कीबोर्ड झाकला. माणिकरावांनी एका पोराला पुढं केलं. त्यानं स्वतःचं नाव टाइप केलं आणि ते पडद्यावर हिरवं उमटलं तेव्हा त्याची आई पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"झाला क्लास तुमचा, मास्तर," माणिकराव म्हणाले.

भाऊबीजेच्या सकाळी ट्रक चुडाव्याच्या वेशीत उभा होता. रंगनाथनं शेवटपर्यंत कुरकुर केली, पण अर्धा कोयता सोडण्यापेक्षा दोघी बहिणींचा पुरा कोयता बरा, असं म्हणून त्यानं बायनाबाईचं गाठोडं वर घेतलं. किशनराव भिंत सोडून भुजंगच्या खांद्याला धरून उभे होते.

भुजंगनं रात्रभर ठरवलं होतं, की मायला सांगायचं. पुढच्या दसऱ्याला असं होऊ नये म्हणून सांगायचं.

"माय," तो म्हणाला, "दसऱ्याला ती फ्लॉपी पाकिटातनं काढली होतीस का?"

"मंग?" नर्मदाबाई डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली. "पाकिटाची पूजा करत्यात व्हय? कोयत्याला कापडावरनं कुंकू लावतंय का कुणी? चांगली बाहेर काढून, वाट हाय तितनं आतल्या अंगाला लावलं. वरवरचं कशाला? मंग ठिवली परत नीट."

भुजंगनं तोंड उघडलं. त्या खिडकीतून आत, बरोबर चकतीला. दसऱ्याच्या दिवशी पाटासमोर बसून, आपल्या पोराच्या हाती कोयता येऊ नये म्हणून.

"चाललं न्हवं मशीन?" तिनं विचारलं.

"चाललं."

"मंग."

ती वर चढली. ट्रकमध्ये बायनाबाई नव्या दांड्याचा कोयता हातात घेऊन तोल बघत होती.

"दांडा लांब हाय गं अक्का. माज्या हाताला बसंना."

"नोकरीवाल्याच्या मापाचा हाय," नर्मदाबाई म्हणाली. "कापून घे कारखान्यावर."

ट्रक हलला. किशनरावांनी हात वर केला. न सांगितलेलं भुजंगच्या तोंडातच राहिलं होतं, आणि ते सांगायचं राहिलं म्हणून वाईट वाटून घ्यावं की बरं, हे त्याला रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत ठरवता आलं नाही. मग किशनराव म्हणाले, "चल, मला घरी सोड. तुझी गाडी चुकंल," आणि बापाचं वजन खांद्यावर घेऊन तो सावकाश चालायला लागला.